पंचवीस किलोचं हरीण

मंजुळा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. बाप गुणाजी खाडीत होडी घालायचा आणि आई बाजारात टोपली घेऊन बसायची. खाडीतलं मावरं आटलं तशी आई मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून माल आणायला लागली. तिथल्या गर्दीत कुणी शिळा माल गळ्यात मारू नये म्हणून ती प्रत्येक माशाचा कल्ला स्वतः उचलून बघायची. "मावरं खोटं बोलत नाय गो," ती लेकीला सांगायची, "खोटं बोलतो तो इकणारा." मंजुळाने मासे विकले नाहीत, पण कल्ला उचलून बघायची खोड आईकडून जशीच्या तशी घेतली.

कॉलेजात असताना ती एनसीसीत गेली आणि तिथे शिवराम सर भेटले. सर मूळचे चिपळूणकडचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मुलींना पॉइंट टू-टूची रायफल शिकवायला यायचे. मंजुळाला त्यांनी पहिला आठवडाभर एकही गोळी दिली नाही. नुसतं जमिनीवर पालथं झोपायचं, रायफल खांद्याला लावायची आणि श्वास घ्यायचा. बाकीच्या मुली कंटाळून गेल्या. मंजुळा राहिली. तिच्या हाती आलेली चार नंबरची जुनी रायफल पुढे एनसीसीने काढून टाकली, तेव्हा सरांनी खटपट करून ती आपल्या रायफल क्लबासाठी मिळवली. त्याच रायफलवर मंजुळा राज्य स्पर्धेत पदक जिंकलेली. राष्ट्रीय संघ थोडक्यात हुकला. तिला वाईट वाटलं ते वाटलंच, पण सर म्हणाले, "नेम गेला तरी नजर जात नाही. तू माझ्याकडे ये."

तेव्हापासून मंजुळा शहाडजवळच्या त्या रायफल क्लबात आहे. आता वय शेहेचाळीस. नवऱ्याचं नाव परशुराम, तो एसटीत ड्रायव्हर, खोपट डेपोला. राहायला दोघं कल्याणला. क्लबात तिचं काम म्हणजे रायफली आणि गोळ्या ज्या खोलीत ठेवतात ती कोत सांभाळायची, सभासदांना गोळ्या मोजून द्यायच्या, रिकामी काडतुसं मोजून परत घ्यायची आणि कुणाची नळी कुणाकडे वळत नाही ना, हे बघत राहायचं. कोतीला दोनच किल्ल्या. एक तिच्याकडे, एक शिवराम सरांकडे.

अशा नोकरीत माणूस भोळा राहिला तर ते धोक्याचंच. मंजुळा सभासदांच्या बॅगा उघडून बघायची, जाताना खिसे चाचपायला लावायची. पोरं तिला पाठीमागे सीआयडी मॅडम म्हणायची. परशुराम तर तोंडावर म्हणायचा, "माझी गाडी लेट झाली की डेपो मॅनेजरला एक कारण लागतं, हिला तीन लागतात."

तर अशा बाईसमोर एका रविवारी सकाळी हितेश म्हात्रे येऊन उभा राहिला आणि विचारता झाला, "मॅडम, हरणाला कुठली गोळी लागते?"

हितेश डोंबिवलीकडचा आगरी. वडिलोपार्जित जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, तेव्हापासून त्याच्या दोन गाड्या, टाइल्सचं मोठं दुकान, आणि मुरबाडच्या पुढे बारवीच्या रानाला लागून फार्महाऊस. गळ्यात जाड साखळी. बोलणं मोठ्याने. स्वतःच्या लायसन्सवर त्याने परदेशी बनावटीची टू-टूची रायफल घेतलेली, आणि ती क्लबात आणली की चार जणांना दाखवल्याशिवाय तिची पिशवी बंद व्हायची नाही. मंजुळाला तो पहिल्यापासून आवडायचा नाही.

"कशासाठी विचारताय?" तिने विचारलं.

"अरे, मेव्हणा आहे ना माझा, टेक्सासला. तिकडे लीगल आहे सगळं. परमिट काढतात, सीझन असतो. म्हणतो ये, तुला हरणाच्या शिकारीला नेतो. मी म्हटलं आपण तर टू-टूवाले. चालेल का टू-टू?"

"नाही चालणार."

"पण छोटं हरीण असेल तर?"

"केवढं छोटं?"

हितेशने हाताने अंदाज दाखवला. "असेल पंचवीस-तीस किलोचं. पन्नास-साठ मीटरवरून."

मंजुळा एकदम सावध झाली. अमेरिकेतली हरणं तिने बघितलेली नव्हती, पण क्लबातले जुने सभासद चित्रांची पुस्तकं आणायचे, त्यांत ती गायीच्या वासराएवढी दिसायची. पंचवीस किलोचं हरीण तिला एकच ठाऊक होतं. आपल्याकडचं भेकर. कुत्र्यासारखं भुंकणारं, लाजरं, तांबूस. बारवीच्या रानात आहेत, माळशेजच्या बाजूला आहेत. आणि झाडीतून भेकर दिसलं तर ते साधारण पन्नास-साठ मीटरवरच दिसतं.

तिने चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. उत्तर मात्र नीट दिलं, कारण अर्धवट उत्तर देणं तिच्या स्वभावात नव्हतं. "हे बघा, टू-टूची गोळी कागदासाठी. फार तर डबा. पोकळ टोकाची घेतली तर ती मांसात शिरून फुलते, पण तिच्यात दमच नसतो. वरच्यावर फुलते नि तिथेच थांबते. भरीव टोकाची आत जाते, पण सुईसारखं भोक पाडून जाते. दोन्हीत जनावर पडत नाही. पळतं, आणि दोन दिवस कुठेतरी झुडपात तडफडून मरतं. म्हणून जिथे शिकार चालते तिथेही बऱ्याच ठिकाणी टू-टूला बंदी असते. छोट्या नळीचीच हवी असेल तर तुमच्या मेव्हण्याला म्हणावं टू-फोर-थ्रीची रायफल दे. गोळी त्यातल्या त्यात जड घ्या, मऊ टोकाची, जाड कवचाची. आणि नेम खांद्याच्या मागे. मानेवर नाही, डोक्यावर तर नाहीच."

"एवढं सगळं तुम्हाला कसं माहिती?"

"शिवराम सरांनी शिकवलं."

हितेश मान डोलावत गेला. पुढच्या रविवारी मात्र तो पोकळ टोकाच्या टू-टूच्या गोळ्यांचाच डबा घेऊन आला. दुकानातून रीतसर घेतलेला, पावतीसकट. "बघूया तरी कशा जातात," म्हणाला. मंजुळाने त्याला गोळ्या झाडू दिल्या, कारण नियमात बसत होतं. पण तो झाडत असताना ती त्याच्या कागदाकडे न बघता त्याच्याकडे बघत होती. मधेच त्याने फोन काढला. स्क्रीनवर हरणाचं चित्र होतं, खांद्यामागे लाल गोल काढलेला. मंजुळाने ते नीट बघून घेतलं.

तिने शिवराम सरांना सांगितलं. सरांचं वय आता पंचाहत्तरीच्या पुढे, तरी रोज डोंबिवलीहून क्लबात यायचे. इस्त्रीचा शर्ट, ताठ पाठ. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, पण ऑपरेशनचं नाव काढलं की चिडायचे. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "त्याचं फार्महाऊस तिकडेच आहे नाही का?"

"रानाला लागूनच."

"लक्ष ठेव."

मंजुळा लक्ष ठेवू लागली. हितेश कधी येतो, कधी येत नाही, बुटांना माती कसली आहे, रायफलच्या पिशवीत काय आहे. एकदा पिशवीत तिला गवताचं कुसळ सापडलं, तर तेही तिने काढून ठेवलं. परशुराम म्हणाला, "अगं, बाग असेल त्याच्याकडे." ती म्हणाली, "बाग असलेल्यांच्या रायफलला गवत कशाला लागतं?"

जानेवारीच्या अखेरीला क्लबात एक तरुण बाई आली. खाकी कपडे, उन्हाने रापलेला चेहरा. नाव समृद्धी, मुरबाडकडच्या रानाची वनरक्षक. तिने टेबलावर एक फोटो ठेवला. ओढ्याच्या काठी भेकराची मादी मरून पडलेली. पोट फुगलेलं.

"गाभण होती," समृद्धी म्हणाली. "गोळी पोटात लागली. लागल्यावर दीड-दोन दिवस जिवंत होती असं डॉक्टर म्हणाले. पाण्यापर्यंत आली आणि तिथेच गेली. टू-टूची गोळी आहे, पोकळ टोकाची. फुलून अशी झाली." तिने दुसरा फोटो दाखवला. शिशाचा चुरगळलेला तुकडा, एखाद्या सुकलेल्या फुलासारखा. "या भागात टू-टू म्हणजे तुमचाच क्लब. अशा गोळ्या कोण वापरतं?"

मंजुळाच्या जिभेवर नाव होतंच. तरी ती आत गेली आणि सरांना विचारलं, "सांगू का?"

सर खिडकीपाशी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. "सांग की. लपवायचं काय त्यात?"

मंजुळाने सांगितलं. पंचवीस किलोची गोष्ट, पोकळ टोकाचा डबा, फोनमधलं चित्र, पिशवीतलं कुसळ. समृद्धीने सगळं लिहून घेतलं.

चार दिवसांनी वन खात्याची माणसं आणि पोलीस हितेशच्या फार्महाऊसवर गेले. दुर्दैवाने त्या दिवशी त्याच्या आईची पंचाहत्तरी होती. मांडव घातलेला, नातेवाईक जेवायला बसलेले. त्यांच्यादेखत फ्रीज उघडला, स्वयंपाकघरातलं मटण पंचनाम्यात घेतलं, हितेशची रायफल आणि उरलेल्या गोळ्या ताब्यात घेतल्या. म्हातारी पानावरून उठली ती पुन्हा बसली नाही. ही बातमी मंजुळाला क्लबातल्या सभासदांकडूनच कळली. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. सीआयडी मॅडमने चोर पकडलेला.

त्याच आठवड्यात हितेशची बायको हेमाली क्लबात आली. मंजुळाला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण हेमाली शांतपणे समोर बसली आणि फोन पुढे केला. "हा माझा भाऊ. हे त्याचं गाव. हे तिथलं हरीण."

फोटोत एक हसरा माणूस उभा होता आणि त्याच्या मागे कुंपणापाशी हरणं. खरोखरच लहान, बकरीची भावंडं शोभतील अशी.

"तिकडच्या डोंगराळ भागात अशीच बारकी असतात," हेमाली म्हणाली. "भाऊ म्हणाला मादी तर तीस किलोची पण असते. तेच यांनी तुम्हाला सांगितलं."

मंजुळाने फोन परत दिला.

"आणि एक सांगू? यांना रक्त बघवत नाही. घरात कोंबडी आणली तर हे बाहेर जाऊन उभे राहतात. भाऊ चिडवतो, नुसती खेळण्यातली बंदूक आहे तुझी, म्हणतो. म्हणून हे सगळीकडे विचारत फिरत होते, कुठल्या गोळीने जनावराला त्रास होत नाही. तुमचं ऐकून घरी आले आणि म्हणाले, मी नाही जाणार, लागलं आणि पळालं तर मला झोप नाही लागायची."

"मग पोकळ टोकाच्या गोळ्या कशाला घेतल्या?"

"सवय आहे त्यांची, नवीन काही ऐकलं की आणायचं. त्यातल्या मूठभर तर तुमच्या सरांनाच दिल्या, बघा म्हणाले कशा वाटतात."

मंजुळाने हे ऐकलं आणि सोडून दिलं. बायको नवऱ्याची बाजू घेणारच. फोटो काय, इंटरनेटवर हवे तेवढे मिळतात. हेमाली उठून गेली तेव्हा मंजुळाच्या मनात एवढंच आलं की बाईने गोष्ट चांगली जुळवली आहे.

मार्चमध्ये प्रयोगशाळेचा अहवाल आला. समृद्धीने फोन करून सांगितलं, "मॅडम, हितेश म्हात्रेची रायफल नाही. नळीतल्या खाचांचे ठसे जुळत नाहीत. त्याच्या नळीत खाचा वेगळ्या, गोळीवर वेगळ्या. फुललेल्या गोळीवरून पण एवढं कळतं म्हणे."

"मग त्याने दुसरी रायफल वापरली असेल."

"असेल," समृद्धी म्हणाली. "तुम्ही उद्या आहात का? एक वस्तू दाखवायची आहे."

दुसऱ्या दिवशी ती आली. रानातल्या त्या भागात वणवा लागून गवत जळून गेलेलं, आणि राखेत तिला एक रिकामं काडतूस सापडलेलं. जिथून ओढ्याकडची पायवाट नीट दिसते अशा टेकाडावर. तिने प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली, हात मात्र पिशवीवरच ठेवला. "हात लावू नका. नुसतं बघा. कंपनी तीच आहे, हितेशच्या डब्यावरची."

मंजुळाने चष्मा लावला. टू-टूची गोळी झाडली की रायफलची सुई काडतुसाच्या मागच्या कडेवर आपटते आणि तिथे खळगा पडतो. प्रत्येक रायफलचा खळगा निराळा. या काडतुसावरचा खळगा अर्धचंद्रासारखा होता आणि त्याच्या एका टोकाला बारीकशी चीर होती, नखाने ओढल्यासारखी.

ती चीर तिने हजारो वेळा बघितलेली. एकोणीस वर्षांची असताना रिकामी काडतुसं गोळा करता करता तिने सरांना विचारलेलं, सर, माझ्याच काडतुसांवर ही रेघ का येते? आणि सर म्हणालेले, सुईचं टोक उडालंय, बदलू नकोस, ती तुझी सही आहे.

चार नंबरची रायफल.

मंजुळाने चष्मा काढला. समृद्धी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत काय आहे हे मंजुळाला चटकन कळलं, कारण ती नजर तिची स्वतःची होती. इतकी वर्षं ती लोकांकडे जशी बघत आली, तशीच ही पोरगी आता तिच्याकडे बघत होती. बरोबरच होतं. कोतीला किल्ल्या दोन. एक हिच्याकडे. हितेशचं नाव घाईघाईने कुणी दिलं? हिनेच.

"ओळखता का?" समृद्धीने विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. सुई बदलायला अर्धा तास लागला असता. मंजुळाच्या मनात हा विचार आला. तो आला याचीच तिला लाज वाटली.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "पळून जाणार नाही. उद्या संध्याकाळच्या आत मी स्वतः तुमच्या ऑफिसात येईन. आणि आज जाताना कोतीला तुमचं सील लावून जा, कुलपावरच. मी उघडलं तर कळेल."

समृद्धीने बराच वेळ विचार केला आणि सील लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळा डोंबिवलीला सरांच्या घरी गेली. पहिल्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, दारात तुळस. सरांची बायको मालनकाकू भाजी आणायला गेलेली. सरांनी स्वतः चहा टाकला. मंजुळा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"सर, चार नंबरची रायफल तुम्ही बाहेर नेली होतीत?"

सरांनी आलं किसायचं थांबवलं नाही. "कोण म्हणतं?"

"काडतूस सापडलंय. सुईची चीर आहे त्यावर."

किसणी थांबली. गॅसवर पाणी उकळत होतं. सरांनी गॅस बारीक केला, हात पुसले आणि स्टुलावर बसले. पाठ मात्र नेहमीसारखी ताठ नव्हती.

"फौजेतले दोघे आलेले," ते म्हणाले. "जुने साथीदार. एकाच्या जावयाची जागा आहे तिकडे. म्हणाले, शिवराम, तू बोलायचास ना, भेकर एका गोळीत बसवतो. आमचं पण वय झालं, परत कधी भेटणार? सोमवारी क्लब बंद असतो. घेतली रायफल. हितेशच्या गोळ्या होत्याच खिशात."

"टू-टूने, सर?"

सरांनी हात पुन्हा पुसले.

"तुम्हीच शिकवलंत मला. टू-टूने जनावर मारायचं नाही. कागदासाठी आहे म्हणून."

"मोठ्या रायफलचा आवाज होतो," सर म्हणाले. "रान जागं होतं. गावापर्यंत जातो."

मंजुळाला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. गोळी निवडताना सरांनी जनावराचा विचार केलाच नव्हता, फक्त आवाजाचा केला होता. कुठली गोळी हरणाला लवकर मारेल, हा प्रश्न त्या अख्ख्या क्लबात एकट्या हितेशने विचारलेला.

"मानेवर नेम धरला होता," सर सांगत होते. "डोळ्यात पाणी आलं. दिसलंच नाही धड. पळाली. शोधली आम्ही, मंजुळा, शपथेवर सांगतो. अंधार पडेपर्यंत शोधली."

"आणि मी हितेशचं नाव देऊ का विचारलं तेव्हा?"

सरांनी खांदे उडवले. "त्याचं काय बिघडलं? पैसेवाला माणूस. वकील आहेत त्याच्याकडे. रायफल जुळणार नव्हतीच, सुटणार होताच तो. मला कोण सोडवणार? पेन्शनीतला माणूस मी." मग पुढे झुकून हळूच म्हणाले, "सुई बदल. बाकी मी बघतो."

हे ते म्हणाले नसते, तर मंजुळाचे पाय कदाचित त्या घरातून इतक्या लवकर निघाले नसते. रागाने ती निघाली नाही. जो विचार काल तिला स्वतःला शिवून गेला, तोच या माणसाने शब्दात मांडलेला, आणि तो किती घाण दिसतो ते तिला आता दिसत होतं.

"सर, तुम्ही माझ्याबरोबर चला. स्वतः सांगितलंत तर बरं पडेल."

"मी नाही येणार."

"मग मी जाते."

"मुलीसारखी वाढवली तुला," सर म्हणाले.

मंजुळाने चपला घातल्या. पट्टा न लावताच ती जिना उतरली. कल्याणहून परशुरामला घेतलं, त्या दिवशी त्याची सुट्टी होती, आणि दोघं मुरबाडला वन खात्याच्या ऑफिसात गेली. तिने जबाब दिला. मग समृद्धीला घेऊन क्लबात आली आणि सील तोडून तिच्यासमोर चार नंबरची रायफल काढून दिली. किल्ल्या दोन आहेत आणि त्यातली एक आपली आहे, हेही न विचारता सांगितलं. समृद्धीने लिहिता लिहिता वर बघितलं. "त्या सोमवारी तुम्ही कुठे होतात?"

"घरी."

"कोणी बघितलं?"

"हा कामावर होता," मंजुळा परशुरामकडे बोट दाखवत म्हणाली. "कोणी नाही बघितलं."

परशुरामचा चेहरा पडला. तिला नंतर तीनदा बोलावलं. शेजाऱ्यांकडे चौकशी झाली. क्लबाला तीन महिने टाळं लागलं. शेवटी फौजेतल्या दोघांपैकी एक जण बोलला आणि सगळं सरांवर आलं. त्यांना अटक झाली, जामीन झाला, खटला उभा राहिला. तो अजून चालू आहे. मंजुळा त्यात साक्षीदार आहे.

क्लबातली अर्धी माणसं तिच्याशी बोलेनाशी झाली. ज्यांनी हितेशच्या वेळी तिचं कौतुक केलं, त्यातलेच काही म्हणाले, गुरूला असं कुणी पकडून देतं का? एका हरणापायी? बाकीच्या अर्ध्यांना अजून वाटतं की सर आणि ही, दोघं मिळालेलीच होती, फिस्कटलं म्हणून हिने पुढे होऊन हात झटकले. मंजुळा कुणाला समजावत बसली नाही. संशय घेणाऱ्याला पुरावा पटत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

हितेशकडे मात्र ती गेली. डोंबिवलीतल्या घरी, सकाळच्या वेळी. हेमालीने दार उघडलं, पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. हितेश बाहेर आला. साखळी नव्हती गळ्यात. नेहमीचा मोठा आवाजही नव्हता.

"मी चुकले," मंजुळा म्हणाली. "तुम्ही सरळ प्रश्न विचारलात आणि मी वाकडा ऐकला."

"मॅडम, तुम्ही उत्तर तर एकदम नीट दिलेलं," हितेश म्हणाला. "मला तेच कळत नाही. एवढं नीट समजावून सांगितलंत, मला वाटलं तुमचा विश्वास आहे. डायरेक्ट विचारायचं ना, हितेश, तू करतोस का असलं काही? मी तिथेच सांगितलं असतं."

"तुम्ही सांगितलं असतंत तरी मी मानलं नसतं."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली. "आई अजून फार्महाऊसवर येत नाही. म्हणते त्या ताटाची आठवण येते." मग तो म्हणाला, "माफ केलं असं बोलू शकतो मी. पण ते खोटं होईल."

"नका बोलू," मंजुळा म्हणाली.

रायफल त्याला परत मिळाली, पण तो क्लबात आला नाही. ती त्याने विकून टाकली म्हणतात. टेक्सासला गेला, तिथे मेव्हण्याच्या अंगणात बसून हरणं बघितली आणि परत आला, असं हेमालीच्या ओळखीतल्या कुणाकडून तरी मंजुळाच्या कानावर आलं.

पावसाळा सरल्यावर एकदा डोंबिवलीच्या भाजी बाजारात मंजुळाला मालनकाकू दिसल्या. ती वाट बदलणार होती, पण काकूंनी पाहिलेलं. त्या जवळ आल्या. वाळल्या होत्या. पिशवीत मेथीची जुडी होती.

"कसे आहेत सर?" मंजुळाने विचारलं.

"डोळ्याचं ऑपरेशन केलं एकदाचं. आता स्पष्ट दिसतं. खिडकीत बसतात." काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माझ्याकडे येऊ नकोस हो. त्यांना सहन नाही होणार."

"नाही येणार."

"रागावले नाहीये मी." काकू बाजाराच्या गलक्यात जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. "त्या सोमवारी ते आले ना, तर आल्या आल्या बाथरूममध्ये गेले आणि आपले कपडे आपण धुतले. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांनी कधी स्वतःचा रुमाल पिळला नव्हता. मला तेव्हाच वाटलं, काहीतरी आहे. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. म्हटलं, बाई असेल. म्हटलं, कुणाशी मारामारी केली असेल. काय काय मनात आणलं. पण विचारलं नाही. चहा दिला, जेवायला वाढलं."

मंजुळाने पिशवीतून बाहेर आलेली मेथी आत सारली.

"तू विचारलंस," काकू म्हणाल्या. "मला ते जमलं नाही."

मागून कुणीतरी धक्का दिला, टोमॅटोवाला ओरडत होता. काकूंना रस्ता ओलांडायचा होता. मंजुळाने त्यांची पिशवी घेतली, त्यांना रिक्षापर्यंत सोडलं, पिशवी मांडीवर ठेवली. रिक्षा सुरू झाली तेव्हा काकूंनी तिच्याकडे बघितलं नाही, समोर बघितलं. मंजुळा थोडा वेळ तिथेच उभी राहिली आणि मग राहिलेली भाजी घ्यायला परत बाजारात गेली.